विज्ञानकथेतील चिलखत : शब्द आणि मर्यादा

विज्ञानकथेतील संरक्षक आवरणांचा विचार समीक्षेत बहुधा आनुषंगिक मानला जातो. योद्ध्याच्या अंगावर काय आहे, हा वर्णनाचा भाग समजून पुढे जाण्याचा प्रघात आहे. वस्तुतः अशा आवरणाला तीन प्रश्न विचारता येतात : ते काय अडवते, काय अडवीत नाही, आणि त्याचे मोल कोण देतो? या प्रश्नांची उत्तरे कथेत सुसंगत असतील, तर त्या कल्पित विश्वाचे भौतिक नियम, युद्धरीती व समाजरचना यांचा उलगडा एकाच वस्तूतून होऊ शकतो. मराठीत या विचाराला एक भाषिक अडचण प्रथमच आड येते. ती म्हणजे ‘कवच’ या एकाच शब्दाचा सरसकट वापर.

मराठीत या क्षेत्रातील शब्दसंपत्ती तोकडी नाही. ‘कवच’ हा संस्कृत शब्द. ‘चिलखत’ आणि ‘बख्तर’ हे फारसीतून आलेले. ‘जिरेटोप’ या सामासिक शब्दात फारसी ‘जिरह’, म्हणजे कड्यांचे जाळीदार चिलखत, दडलेले आहे. ‘ढाल’ हातात धरावयाची. या शब्दांच्या अर्थच्छटा भिन्न आहेत. कवच हे जन्मजात असू शकते, वराने मिळू शकते, स्तोत्ररूपही असू शकते. देवीकवचाचा पाठ करणाऱ्याच्या अंगावर लोखंडाचे वजन पडत नाही. चिलखत मात्र घडवावे लागते, अंगावर चढवावे लागते, वाहावे लागते. अफजलखानाच्या भेटीच्या प्रसंगी (१६५९) शिवाजी महाराजांनी अंगरख्याखाली काय घातले होते, हे सांगताना मराठी माणसाच्या तोंडी ‘चिलखत’ येते, ‘कवच’ येत नाही. उलट कर्णाच्या बाबतीत ‘चिलखत’ म्हणणे कोणाच्याही कानाला खटकेल. हा भेद कोशकारांनी लादलेला नाही. तो भाषेच्या अंगभूत जाणिवेतला आहे.

या जाणिवेचा प्रत्यय अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) येथे विशेषत्वाने येतो. भारतीय सैन्याच्या चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र याच नगरात आहे. सैन्याच्या हिंदीत त्यास ‘कवचित कोर’ म्हणतात. मराठी वृत्तपत्रांनी मात्र ‘चिलखती दल’ हाच प्रयोग रूढ केला. ‘रणगाडा’ हा शब्दही पाहण्यासारखा आहे. त्यात रण आहे, गाडा आहे, संरक्षणाचा उल्लेखच नाही. एच. जी. वेल्स याने १९०३ साली ‘द लँड आयर्नक्लॅड्स’ या कथेत जमिनीवरून चालणाऱ्या लोहनौका कल्पिल्या. प्रत्यक्ष रणगाडा युद्धात उतरला तो सप्टेंबर १९१६ मध्ये. कल्पित चिलखत व वास्तव चिलखत यांचे नाते असे जुने आहे.

नगरच्या रणगाडा संग्रहालयात (स्थापना १९९४) पॅटन रणगाडा पाहावयास मिळतो. त्याचा पुढील भाग तिरका आहे, आणि त्यामागे साधे गणित आहे. पोलादी पत्रा उभ्या रेषेशी साठ अंशांनी कलता ठेवला, तर समोरून येणाऱ्या गोळ्याला दुप्पट जाडी भेदावी लागते. पत्रा जाड न करता साधलेली ही जाडी. तथापि सर्व बाजूंना सारखे संरक्षण दिले, तर वाहन हलणार नाही. म्हणून बगल व पाठ यांना पातळ पत्रा लाभतो. सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबातील असल उत्तर येथे पॅटनांचे जे झाले, त्यात या मर्यादा उघड झाल्या. पाणी सोडलेल्या शेतांत ते रुतले आणि उसाच्या आडून त्यांच्यावर मारा झाला. अब्दुल हमीद यांनी जीपवरील धक्कारहित तोफेने रणगाडे निकामी केले. अशा तोफेचा पोकळ स्फोटकाचा गोळा वेगाच्या जोरावर पोलाद भेदीत नाही. स्फोटातून निघणारी धातूची धार भेदते. चिलखताची कसोटी पत्र्यावर जितकी लागते, तितकीच भूमीवर आणि प्रतिपक्षाच्या साधनावर लागते.

हे निकष घेऊन दोन सुप्रसिद्ध कादंबऱ्या तपासता येतील. रॉबर्ट हाइनलाइन याच्या ‘स्टारशिप ट्रूपर्स’मध्ये (१९५९) सैनिक यंत्रचालित पोशाख घालतो. सर्व सामग्रीनिशी त्याचे वजन सुमारे दोन हजार पौंड. आतील दाबग्राहक शरीराची हालचाल ओळखतात आणि पोशाख तीच हालचाल बळ वाढवून करतो. परिधान करणाऱ्यास त्याचा विचारही करावा लागत नाही. हे निःसंशय ‘चिलखत’ आहे, कारण त्याला वजन आहे, यंत्रणा आहे. परंतु येथे एक शंका उपस्थित होते. वजन असून ओझे नाही, तर मोल कोठे गेले? त्याचे उत्तर कादंबरीच्या रचनेत सापडते. तिचा मोठा भाग कठोर सैनिकी शिक्षणाने व्यापला आहे. शरीरावरून उतरलेला भार लेखकाने शिस्तीवर ठेवला आहे. मात्र पोशाख कोठे अपुरा पडतो, याचा शोध त्याने तितक्या कसोशीने घेतलेला नाही.

फ्रँक हर्बर्ट याच्या ‘ड्यून’मधील (१९६५) संरक्षणक्षेत्र याहून वेगळे आहे. ते वेगवान वस्तू अडविते आणि सेकंदाला सहा ते नऊ सेंटीमीटर इतक्या मंद गतीने येणारी वस्तू आत जाऊ देते. या एका नियमातून सारे युद्धशास्त्र बदलते. बंदूक निरुपयोगी ठरते, सुरी परत येते. लेझरचा झोत क्षेत्रावर पडला, तर होणारा भयंकर स्फोट मारणाऱ्यासही गिळू शकतो. वाळवंटात हे क्षेत्र महाकाय कृमींना चेतविते, म्हणून तेथे ते वापरता येत नाही. असल उत्तरच्या ओल्या शेताप्रमाणे येथेही भूमीच अंतिम निर्णय देते. त्याहून मार्मिक आहे तो पॉल व जामिस यांच्या द्वंद्वाचा प्रसंग. क्षेत्राच्या सवयीने पॉलचा घाव अखेरच्या क्षणी मंदावतो आणि तो प्रतिस्पर्ध्याशी खेळतो आहे, असे पाहणाऱ्यांस वाटते. चिलखत अंगावर नाही, तरी त्याने हाताला लावलेले वळण राहिले आहे. विज्ञानकथेतील संरक्षणसाधनाचा याहून सूक्ष्म उपयोग विरळा.

यावर असा आक्षेप संभवतो की, ‘कवच’ म्हटल्याने अमर्यादता सूचित होते, हे गृहीतच चूक आहे. महाभारतातील कवचालाही मर्यादा आहे. आक्षेप ग्राह्य आहे. कर्ण कवच कापून देतो, मोबदल्यात एकदाच चालणारी शक्ती घेतो आणि ती घटोत्कचावर खर्ची पडते. तेथील हिशोब निर्दोष आहे. परंतु ती मर्यादा दानाची, प्रतिज्ञेची, म्हणजे नैतिक आहे. हाइनलाइन व हर्बर्ट यांची मर्यादा द्रव्य, गती व भूमी यांची आहे. दोहोंना एकच शब्द योजला, तर वाचक दुसऱ्या प्रकारच्या मर्यादेचा शोध घेणेच सोडून देतो.

म्हणून अनुवादकाने व कथाकाराने शब्दनिवड नियमाच्या आधारे करावी, हे इष्ट. अंगावर वाहिले जाणारे, घडविलेले ते ‘चिलखत’. मध्ये उभे राहून अडविणारे ते ‘ढाल’ किंवा ‘ढालक्षेत्र’. अंगभूत वा वरप्राप्त असेल तेथेच ‘कवच’. जयंत नारळीकरांच्या १९७४ च्या कथेने ‘कृष्णविवर’ हा शब्द शीर्षकात आणला. त्यातील ‘विवर’ हे पद वाचकाला कल्पनेच्या गाभ्याशी नेऊन सोडते. संरक्षक आवरणांच्या बाबतीत मराठीला नवा शब्द घडविण्याचीही गरज नाही. जे शब्द नगरच्या रस्त्यावर आणि वृत्तपत्रांत जिवंत आहेत, त्यांतील भेद कथेत पाळला, तरी पुष्कळ साधेल. भेद पुसला गेला, तर अभेद्यतेची भाबडी कल्पना वाचकाच्या मनात राहील, आणि तिचे मोल किती असते, हे असल उत्तरच्या शेतांनी दाखवून दिलेच आहे.