क्रीडांगण, पट आणि पाठ : राजापूर तालुक्याच्या निमित्ताने

प्राथमिक शाळेतील खेळ व वर्गातील अध्ययन यांचा संबंध आपल्या कायद्याने आणि धोरणाने कसा मांडला आहे, याची परीक्षा करण्यास राजापूर तालुका सोयीचा आहे; कारण तेथे मैदान ही गृहीत धरण्याजोगी वस्तू नाही. वाड्या बहुधा उतारावर वसलेल्या. सपाटी हवी तर सड्यावर जावे, आणि तेथे जांभ्याचा कातळ : पावसाळ्यात निसरडा, उन्हाळ्यात अनवाणी पायांस चटके देणारा. शाळा उघडते तीच जूनमध्ये, भर पावसात. पहिल्या सत्रातील पुष्कळसा खेळ पडवीतच व्हावयाचा.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणाऱ्या २००९ च्या अधिनियमाची अनुसूची प्रत्येक शाळेस क्रीडांगण व प्रत्येक वर्गास आवश्यकतेनुसार खेळाचे साहित्य देते. शिकविणारा मात्र ती सर्वांस देत नाही. आरोग्य व शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक सहावी ते आठवीपुरता, आणि तोही पट शंभरावर असेल तरच. पहिली ते पाचवीच्या मुलांना जागा मिळाली, माणूस मिळाला नाही. या वर्गांच्या साठपर्यंत पटाच्या शाळेस दोन शिक्षक; त्यांतील एक मुले घेऊन बाहेर पडला की उरलेले वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात. अशा शाळेत खेळाचा तास वेळापत्रकात राहून प्रत्यक्षात गणितात विरून गेला, तर त्याचे खापर शिक्षकाच्या आळसावर फोडणे अन्यायाचे होईल. वर्षाचे २०० दिवस व ८०० तास नेमून देणाऱ्या अनुसूचीनेही त्यांतील खेळाचा वाटा सांगितलेला नाही.

२०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण याच्या पुढे जाऊन खेळ अध्यापनातच मिसळावा असे सुचविते. देशी खेळांचाही त्यात आवर्जून उल्लेख आहे. हेतू स्तुत्य आहे. परंतु त्यातून साधावयाचे म्हणून जे गुण सांगितले आहेत (सहकार्य, स्वयंशिस्त, जबाबदारी, नागरिकत्व) ते शाळेच्या झाडलोटीलाही तितकेच लागू पडतील! खो-खोत आठ गडी आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात. पाठलाग करणाऱ्यास एकदा घेतलेली दिशा बदलता येत नाही. बसलेल्याने पाठीमागे काय चालले आहे याचे भान ठेवावयाचे असते. हे अवधान त्या खेळाचे स्वतःचे आहे. धोरणाच्या यादीत त्याला नाव नाही.

शिवाय खो-खोला एका बाजूस नऊ गडी लागतात. विसांहून कमी पटाच्या शाळा कोकणात पुष्कळ आहेत. त्यांतून पहिली-दुसरीची मुले वगळली तर एक संघही उभा राहणे कठीण. २०२३ साली अशा शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याचा विचार शासनस्तरावर पुढे आला, तेव्हा खेळगड्यांची ही उणीव त्या बाजूचा एक सबळ युक्तिवाद ठरू शकत होती. तो सर्वस्वी खोटा नाही. पण दूरच्या शाळेतून उशिरा वाडीवर परतणाऱ्या मुलाचा संध्याकाळचा खेळ बुडतो, हा खर्चही त्याच हिशेबात धरावयास हवा.

प्रस्तुत लेखकास महत्त्वाची वाटते ती गोष्ट निराळी. अपुऱ्या संख्येचा प्रश्न मुलांनी स्वतः केव्हाच सोडविला आहे. लंगडी असो वा लगोरी, गडी कमी पडले की लहानग्यास ‘कच्चा लिंबू’ म्हणून घेतात. तो धावतो, ओरडतो, चुकतो. पण बाद होत नाही. मोठ्यांचा खेळ त्याच्यामुळे अडत नाही आणि तो मात्र जवळून पाहत पाहत नियम उचलतो. एखाद्या दिवशी कोणी न सांगता तो पक्का गडी होऊन बसतो. भिन्न वयांची मुले एकत्र असता शिक्षण कसे घडावे, याचे हे तयार उदाहरण आहे. आणि दोन शिक्षकी शाळेतील बहुवर्ग अध्यापनाची अडचण नेमकी हीच आहे. खेळाने पाठास काय द्यावे याची चर्चा धोरण करते. पाठाने खेळाकडून काय घ्यावे, हा प्रश्न त्याला पडलेला दिसत नाही. एकाच खोलीत चौथीची उदाहरणे फळ्यावर चालू असता पहिलीतील मुलास तेथे कच्चा लिंबू होता येत नाही. फळ्याकडे पाठ करून त्याने आपल्या पाटीवर मुळाक्षरे गिरवीत बसावे, अशीच व्यवस्था असते.