गाडीतली जवारी

गाडीच्या सीटखाली बसणाऱ्या चार चॅनलच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या कडेला इनमिन तीन शब्द छापलेले असतात: गेन, क्रॉसओव्हर, बेस बूस्ट. बंदिशीतही शब्द थोडेच असतात. गाणं त्यांच्या मांडणीत असतं.

विकत घेताना खोक्यावरचा ठळक ‘मॅक्स’ वॉटचा आकडा सोडून द्यावा आणि बारीक अक्षरांतला, ४ ओहमला आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी ताकद, किती, तो वाचावा. समजा, चॅनलमागे ५० वॉट. १०० वॉटचा घेतला म्हणून आवाज दुप्पट होत नाही. वाढतात जेमतेम ३ डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. जास्तीची ताकद उपयोगी पडते ती अचानक पडलेली थाप न चिरकता पेलायला.

सगळ्यात फसवा शब्द गेन. व्हॉल्यूम समजून लोक त्याचा कान पिळतात. खरं तर डेककडून किती व्होल्ट आले की पूर्ण ताकद लावायची, एवढंच तो ठरवतो. म्हणून स्पीकरच्या तारा सोडवायच्या, बूस्ट शून्यावर, डेकचा आवाज पाऊण. १ किलोहर्ट्झचा पूर्ण पातळीचा सूर लावून मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून अ‍ॅम्प्लिफायरच्या मोकळ्या टोकांना धरायचा. वॉट गुणिले ओहम, ५० गुणिले ४ म्हणजे २००, वर्गमूळ १४.१; तेवढे व्होल्ट दिसायला हवेत. आकडा १३.६, १३.९ असा चढू लागला की स्क्रूड्रायव्हर केसभरच फिरवायचा. तंबोऱ्याच्या घोडीवर जवारीचा दोरा असाच सरकवतात; एका जागी तार बोलू लागते. इथे ती जागा ओलांडली की लहरींचे माथे छाटले जातात आणि बहुधा आधी ट्वीटर जळतो.

क्रॉसओव्हर म्हणजे साथीदारांची वाटणी: ८० हर्ट्झखालचं ओझं दारातल्या स्पीकरवर न टाकता सबवूफरकडे द्यावं. बूस्टची हरकत बहुतेक वेळा न घेतलेलीच बरी.

माझ्या गाडीत सगळं जुळवूनही अ‍ॅक्सिलरेटरबरोबर चढणारी एक शिट्टी ऐकू यायची. पत्र्याचा रंग खरवडून अर्थिंगचा बोल्ट आवळला, तेव्हा कुठे तिचा अर्थ लागला. मग स्पीकर जोडले आणि तबला लावला. डग्ग्याचा घुमारा उठला, विरला. पुढच्या समेपर्यंत मागे खरखर नव्हती.