व्हिएन्नाचें ताट आणि दूधतुपाचा त्याग

ऑस्ट्रियाची राजधानी जें व्हिएन्ना, तेथील उंची भोजनगृहांच्या यादींत अलीकडे दोन शब्द शेजारीं शेजारीं आढळूं लागले आहेत. एक 'परंपरागत' आणि दुसरा 'व्हीगन'. पहिला शब्द जुना व वजनदार आहे. दुसरा १९४४ सालीं इंग्लंडांत डोनाल्ड वॉटसन व त्याचे सहकारी ह्यांनीं प्रचारांत आणिला. मांसमासळीच नव्हे, तर दूध, लोणी, अंडीं व मध हींहि प्राण्यांवरील अन्याय समजून ज्यानें सोडलीं, तो व्हीगन. हे दोन शब्द एका पानावर सुखानें नांदूं शकतात काय, आणि नांदावयाचे झाल्यास कोणत्या अटीवर, ह्या प्रश्नाचा विचार येथें करावयाचा आहे. व्हिएन्नाच्या जुन्या वस्तींतील एका नामांकित भोजनगृहांत आम्हीं जें व्हीगन भोजन घेतलें, तें ह्या विचाराचें निमित्त. त्या गृहाचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. कारण त्याच्या पाकांत जे गुणदोष दिसले, त्यांचें मूळ एका आचाऱ्याच्या हातांत नसून एका सर्वसाधारण समजुतींत आहे.

आमच्या पुष्कळ वाचकांस हा प्रश्न प्रथम परका वाटेल. शाकाहार म्हटला कीं आपल्याकडे दूधतुपाचें राज्य सुरू होतें. वरणभातावर तुपाची धार पडल्यावांचून जेवणास आरंभ होत नाहीं, आणि सण आला कीं श्रीखंड किंवा बासुंदी आलीच. अशा वळणाचा मराठी शाकाहारी मनुष्य अंड्याकडे थोडीशी डोळेझांक करील, तर व्हिएन्नांत उपाशी राहणार नाहीं. लोण्यांत परतलेले आणि सायीनें माखलेले पिठाचे पदार्थ तेथें विपुल आहेत. व्हीगन मनुष्याची गोष्ट निराळी. त्याचा त्याग आपल्याहि ताटापर्यंत येऊन भिडणारा आहे. आणि म्हणूनच त्याला परक्या पंक्तींत कसें वागविलें जातें, हें पाहणें आपणांस बोधप्रद होईल.

व्हिएन्नाच्या पाककलेची कीर्ति मांसावर उभारलेली आहे, हें नाकारतां येणार नाहीं. तेथील जुन्या 'माइसल उंड शाडन' नामक भोजनगृहांत उकडलेल्या गोमांसाचे चोवीस प्रकार मिळत असत, आणि जाणता गिऱ्हाईक नेमका कोणता तुकडा हवा हें नांवानिशीं सांगत असे. त्यांपैकीं 'टाफेलश्पिट्स' हा सम्राट फ्रान्झ योझेफ ह्याच्या आवडीचा म्हणून विख्यात आहे. 'वीनर श्निट्सेल' हें नुसतें नांव वासराच्या मांसाखेरीज दुसऱ्या कशासहि लावावयाचें नाहीं, असा तेथील अन्नसंहितेचा दंडक आहे. डुकराचें मांस वापरलें तर तसा स्पष्ट उल्लेख करावा लागतो. जेथें मांस उघड दिसत नाहीं, तेथें तें लपून बसलेलें असतें. बटाट्याची व्हिएन्नी कोशिंबीर पाहून कोणासहि ती निष्पाप वाटावी. परंतु तिची लज्जत बहुधा गोमांसाच्या गरम कढणानें आलेली असते.

ह्या बाबतींत एक मौज सांगण्यासारखी आहे. युरोपीय संघाच्या नियमान्वयें २०१४ सालच्या डिसेंबरपासून, ज्या द्रव्यांनीं कोणास बाधा होण्याचा संभव आहे, त्यांची माहिती भोजनगृहांस द्यावी लागते. ऑस्ट्रियांत त्यासाठीं पदार्थाच्या नांवापुढें रोमन अक्षरें छापण्याची रीत आहे. 'सी' म्हणजे अंडें, 'जी' म्हणजे दूध, इत्यादि. व्हीगन मनुष्य हीं अक्षरें पंचांगासारखीं वाचावयास शिकतो. पण गोमांसाच्या कढणास अक्षर नाहीं, कारण तें बाधक द्रव्यांत मोडत नाहीं! तेव्हां ज्या कोशिंबिरीपुढें 'सी' नाहीं आणि 'जी'हि नाहीं, तीहि त्यास वर्ज्य असूं शकते. कायदा शरीराची काळजी घेतो. सदसद्विवेकाची चौकशी ज्याची त्यानें वाढप्याजवळ करावी लागते.

आतां प्रत्यक्ष भोजनाकडे वळूं. पहिलें पान स्टायरिया प्रांतांतील 'केफरबोने' नामक मोठ्या, ठिपकेदार घेवड्याचें होतें. शिजवून निवविलेले दाणे, बारीक चिरलेला कांदा, व्हिनेगर आणि भोपळ्याच्या बियांचें तेल, एवढीच सामग्री. हें तेल स्टायरियाचें भूषण आहे. तेथील भोपळ्याच्या बीस टणक टरफल नसतें. ती दळून, भाजून गाळलेलें तेल गर्द हिरवें, जवळजवळ काळें दिसतें, आणि त्याचा वास भाजक्या दाण्यांची आठवण करून देतो. १९९६ पासून त्याच्या नांवास युरोपांत भौगोलिक संरक्षण आहे. ह्या पानांतून कांहीं काढून टाकलेलें नव्हतें, आणि कशाच्या ऐवजीं कांहीं घातलेलेंहि नव्हतें. जन्मतःच तें असें आहे. वाळविलेल्या अळंब्यांचें व कंदमुळांचें जें कढण त्यामागून आलें, तेंहि स्वतःच्याच चवीवर उभें होतें. येथवर परंपरा आणि त्याग ह्यांत भांडण आहे, असा संशयहि येऊं नये.

भांडण सुरू झालें तें मुख्य पानापासून. कणीक पाण्याखालीं धुतली असतां जो चिवट गोळा मागें उरतो, त्यास तिकडे 'सायटान' म्हणतात. त्या गोळ्यास मसाल्याच्या पाण्यांत शिजवून, तंतूंचा भास होईल असा कापून, 'टाफेलश्पिट्स' ह्या नांवानें तो आमच्यापुढें मांडला गेला. सोबत नाकांत झिणझिण्या आणणाऱ्या 'क्रेन' नामक मुळाचा व सफरचंदाचा कीस होता, तो उत्कृष्ट होता. परतलेले बटाटेहि खरपूस होते. परंतु मधला नायक सोंगाड्या होता. मूळ पदार्थाचें सारें मर्म असें, कीं मांस तासन्‌तास मंद आंचेवर राहून आपला रस पाण्यास देतें आणि स्वतः मऊ होतें. ह्या गोळ्याजवळ देण्यास रसच नाहीं. त्यास तो बाहेरून घ्यावा लागतो. ज्यानें मूळ खाल्लें आहे त्यास उणीव भासावी, आणि ज्यानें तें कधींच खाल्लें नाहीं त्यास हा खटाटोप कशासाठीं हें कळूं नये, अशी ही दुहेरी फजिती आहे.

दुसरें पान श्निट्सेलचें. म्हणजे सेलरीच्या कंदाची जाड चकती पिठांत व पावाच्या चुऱ्यांत घोळून तेलांत तळलेली. अंड्याच्या जागीं पिठाचें पातळ मिश्रण वापरल्यामुळें वरचें कवच कंदास घट्ट चिकटून राहिलें. चांगल्या श्निट्सेलचें कवच फुगून सुटें झालेलें असतें. तथापि चव चांगली होती. कंदाचा गोडसर कडूपणा आणि लिंबाची फोड ह्यांचें सख्य जमलें होतें. आमची तक्रार आहे ती नांवाची. व्हिएन्नांत फुलवर आणि अळंबीं अशींच घोळवून तळण्याची रीत जुनी आहे, आणि तीं 'तळलेला फुलवर', 'तळलेलीं अळंबीं' ह्याच नांवानें सन्मानानें पानांत येतात. मग सेलरीच्या कंदानेंच वासराचें नांव कां घ्यावें?

गोड पदार्थ दोन होते. चॉकलेटचा 'साखरटोर्ट' १८३२ सालीं फ्रान्झ साखर ह्या सोळा वर्षांच्या उमेदवारानें मेटरनिखच्या मेजवानीसाठीं प्रथम केला, असें सांगतात. त्याची सारी रचना अंड्याच्या फेसावर आहे. छोल्याचें शिजवणीचें पाणी घुसळल्यास अंड्याच्या पांढऱ्यासारखा फेस येतो, हा शोध २०१४ सालीं फ्रान्सांत लागला आणि व्हीगन पाकशाळेंत मोठी क्रांति झाली. तरीहि येथील टोर्ट जड व ओलसर झाला होता. उलट सफरचंदाचें 'श्ट्रूडेल' आलें आणि साऱ्या भोजनाचें सार्थक झालें. त्याचें पीठ मूळचेंच मैदा, पाणी, तेल आणि किंचित् व्हिनेगर ह्यांचें असतें. खानदेशांतील गृहिणी मांडा हातावर वाढवीत नेते, तसें हें पीठ हाताच्या पाठीवर घेऊन, मग कापडावर ताणून, पलीकडचें अक्षर वाचतां येईल इतकें पातळ करितात. मधून लोण्याचा हात फिरवावयाचा तो येथें तेलाचा फिरविला होता, एवढाच फरक. पापुद्रे कुरकुरीत, आंतील सफरचंद आंबटगोड, दालचिनी बेताची. येथें कोणी कोणाचें सोंग घेतलेलें नव्हतें.

ह्या चढउतारांत एक सूत्र आहे. जे पदार्थ शेतकऱ्याच्या, मजुराच्या किंवा उपवासाच्या स्वयंपाकघरांतून आले ते उतरले. जे पदार्थ दरबारी मेजावरून आले, त्यांची नक्कल तेवढी फसली. आणि हें साहजिकच आहे. मध्ययुगीन युरोपांत लेंटच्या चाळीस दिवसांत मांसच नव्हे, तर दूध, लोणी आणि अंडीं हींहि निषिद्ध होतीं. श्रीमंतांच्या पाकशाळेंत त्या दिवसांत बदामाचें दूध चाले, आणि गरिबांच्या घरीं डाळकडधान्य व कोबी. पंधराव्या शतकाच्या अखेरीस पोपनें सॅक्सनीसारख्या प्रांतांस लोणी खाण्याची लेखी सूट दिली. त्या पत्रांस लोक 'लोण्याचीं पत्रें' म्हणत. मासे त्या उपवासास चालत, आणि पाण्यांत राहतो म्हणून बीव्हरहि माशांतच जमा होई; 'एकादशी आणि दुप्पट खाशी' हा प्रकार आपल्याकडेच आहे असें नाहीं. पण एवढें खरें, कीं दूधलोण्याखेरीज चवदार अन्न करण्याची विद्या त्या संस्कृतीस परकी नव्हती. विवेकापोटीं मांस सोडणारेहि व्हिएन्नास नवे नव्हेत. १८८० सालीं संगीतकार गुस्टाव्ह माहलर ह्यानें ऐन तारुण्यांत, वाग्नरच्या निबंधानें भारून जाऊन, शाकाहार पत्करला. आणि त्या सुमारास त्या शहरांतील शाकाहारी खाणावळींत तरुण कलावंतांचा अड्डा जमत असे.

असें असतां आमच्या भोजनगृहाच्या यादींत 'क्राउटफ्लेकर्ल' कां नव्हतें, हा आमचा मुख्य आक्षेप आहे. साखरेवर तांबूस परतलेला कोबी, कांदा, शहाजिऱ्यासारखें 'क्युमेल' आणि पिठाचे चौकोनी तुकडे, असा हा बोहेमियाकडील साधा पदार्थ. फ्रीड्रिख टोर्बेर्ग ह्याच्या 'डी टांटे योलेश' ह्या १९७५ सालच्या पुस्तकामुळें त्यास वाङ्मयांतहि स्थान मिळालें आहे. पिठांत अंडें घातलें नाहीं, कीं तो सर्वथैव व्हीगन. तो यादींत नव्हता, कारण तो गरिबाचा आहे. उंची भोजनगृहास उंची दर लावावयाचा असतो. उंची दरास भारदस्त नांव लागतें. आणि भारदस्त नांवें सारीं मांसाचीं. म्हणून त्यागी पाहुण्यास ऐश्वर्याची सावली वाढली जाते, आणि दारिद्र्याची खरीखुरी कमाई भटारखान्यांतच राहते.

नकलेच्या बाजूनेंहि बोलण्यासारखें आहे, आणि तें न्यायानें मांडलें पाहिजे. जो व्हिएन्नी मनुष्य लहानपणीं दर रविवारीं आजीच्या हातचें श्निट्सेल खाऊन मोठा झाला आणि पुढें विवेकानें मांस सोडता झाला, त्यानें चव सोडली नाहीं; हिंसा सोडली. त्या रविवारची आठवण त्यास कोणीं निष्पाप रूपांत परत दिली, तर त्यास हंसण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. नांवाच्या वादांत कायद्यानेंहि कडक भूमिका घेतलेली आहे. वनस्पतिजन्य पदार्थांस दूध, लोणी, चीज हीं नांवें देऊन विकतां येणार नाहीं, असा निर्णय युरोपीय न्यायालयानें २०१७ सालीं दिला. तो निर्णय आम्हांस थोडा रूक्षच वाटतो. परंतु आठवणीची समजूत घालणें निराळें, आणि तेवढ्यालाच परंपरा म्हणणें निराळें. परंपरा म्हणजे चार प्रसिद्ध नांवें नव्हेत. पीठ किती ताणावें, कोबी किती परतावा, आलुबुखार साखरेवांचून किती तास आटविला म्हणजे 'पोविडल' होतें, हें हातांत मुरलेलें ज्ञान म्हणजे परंपरा. तें ज्ञान गोठ्यावर अवलंबून नाहीं.

हीच कसोटी आपल्या घरासहि लागू आहे. उद्यां एखादा व्हीगन पाहुणा मराठी घरीं आला, तर आपण नारळाच्या दुधाचें श्रीखंड करण्याच्या खटपटींत पडूं, आणि ज्वारीची भाकरी, तेलावरचें पिठलें, भरलीं वांगीं व तेलपोळी हीं पाहुण्यापुढें ठेवावयास कदाचित् संकोचूं. संकोच अन्नाचा नसतो, प्रतिष्ठेचा असतो. आणि त्यागी पाहुण्याचा खरा उपमर्द त्या संकोचानेंच होतो. त्यास असें भासविलें जातें, कीं त्यानें जें सोडलें तेंच काय तें खाण्याजोगें होतें.

सारांश, त्या भोजनगृहाचा घेवडा, कढण आणि श्ट्रूडेल ह्यांस आमची निःसंकोच शिफारस आहे; सेलरीच्या कंदानें स्वतःचें नांव लावल्यास त्यासहि. टोर्ट अजून अभ्यास मागतो. टाफेलश्पिट्स यादींतून काढून त्या जागीं क्राउटफ्लेकर्ल घ्यावें, आणि दर तोच ठेवावा; कोबी धीरानें परतणाऱ्या आचाऱ्याची मजुरी गोमांस उकडणाऱ्याहून कमी असण्याचें कारण नाहीं. शिवाय बटाट्याच्या कोशिंबिरींत कोणतें कढण आहे, हें वाढप्यानें विचारण्यापूर्वींच सांगावें.