विषय छोटा करायची भीती वाटते? मॅटमॉस ऐका

‘विषय एवढा छोटा केला तर प्रबंध भरणार कसा?’ हा प्रश्न तुम्हालाही पडला असेल. मलाही पडला होता. तेव्हा मॅटमॉस ऐकत होतो.

ड्रू डॅनियल आणि एम. सी. श्मिट या दोघांची ही अमेरिकन जोडी इलेक्ट्रॉनिक संगीत करते. डॅनियल जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात इंग्रजी साहित्यही शिकवतात. यांची रीत साधी आहे: आधी मर्यादा आखायची, मग कामाला लागायचं. २००१च्या अल्बममध्ये शस्त्रक्रियांचे आवाज आहेत. २०१६चा ‘अल्टिमेट केअर टू’ तर अख्खा एका वॉशिंग मशीनवर उभा आहे.

पण नुसती मर्यादा पुरत नाही बरं का. २००१च्या अल्बममधल्या पहिल्याच तुकड्यावर पाय ठेका धरतो. मग कळतं, हा चरबी शोषून काढण्याचा आवाज आहे, आणि पाय थबकतो. इथे पद्धतीने आपलं ऐकणंच बदललं. याला मी निष्कर्ष म्हणेन. वॉशिंग मशीनचा सलग तुकडा कौतुकास्पद आहे, पण मधल्या भागात मला ‘बघा, हेसुद्धा मशीनच!’ एवढंच ऐकू येतं. पद्धत दिसते, निष्कर्ष पातळ होतो.

म्हणून विषय बिनधास्त छोटा करा. फक्त आराखड्यातलं पद्धतीचं पान झाकून बाकीचं मित्राला वाचायला द्या. त्याला काही नवं सापडलं का, ते विचारा. माझ्या पहिल्या आराखड्यात सापडलं नव्हतं.