सुटा कागद आणि त्याचा रुमाल

जुने कागद जमविण्याची आवड आपल्याकडे अलीकडे वाढत चालली आहे, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकानें आनंदाचीच मानली पाहिजे. शिक्क्याच्या सनदा, मोडी पत्रें, हुंड्या, संस्थानी मुद्रांकाचे कागद, जुन्या लग्नपत्रिका, नाटकांच्या जाहिराती, शिळाछापाचीं पंचांगें, असें पुष्कळ साहित्य आज खासगी संग्रहांत सुरक्षित आहे. तें तेथें नसतें तर वाण्याच्या पुड्यांत किंवा कागदाच्या लगद्यांत गेलें असतें, यांत शंका नाहीं. तथापि हे संग्रह ज्या पद्धतीनें होत आहेत, तिच्यावर माझा एक आक्षेप आहे, व तो सौम्य शब्दांत मांडण्याचें कारण मला दिसत नाहीं. संग्राहक कागद निवडतो. रुमाल घेत नाहीं. जो कागद देखणा, ज्यावर शिक्का ठळक, ज्यांत एखादें मोठें नांव, तेवढा तो उचलतो. बाकीचें गाठोडें रद्दीवाल्याकडेच राहतें. अशा रीतीनें वांचविलेला कागद अर्धा मेलेला असतो, हें मला दाखवावयाचें आहे.

पवना, इंद्रायणी आणि भामा या नद्यांच्या कांठचा जो मुलूख आज पिंपरी-चिंचवड-चाकण या नांवानें कारखान्यांसाठीं प्रसिद्ध आहे, त्यांतीलच उदाहरणें घेतों. कारण या प्रश्नाच्या दोन्ही बाजू तेथें एकत्र पाहावयास मिळतात.

प्रथम चांगली बाजू. तुकारामबोवांच्या अभंगांची जी आवृत्ति मुंबई सरकारच्या आश्रयानें इंदुप्रकाश छापखान्यांत १८६९ व १८७३ सालीं दोन भागांत निघाली, ती विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांनीं शंकर पांडुरंग पंडित यांच्या देखरेखीखालीं तयार केली. देहू, तळेगांव, कडूस आणि पंढरपूर येथील हस्तलिखितें त्यांनीं ताडून पाहिलीं. काम मोठें, श्रम अपार. परंतु अनेक प्रती मिळवून एक पाठ सिद्ध केला म्हणजे प्रत्येक प्रतीचें स्वतंत्र अस्तित्व छापील पानावरून नाहींसें होतें. कोणता अभंग कोणाच्या शेजारीं होता, कोणत्या लेखकानें शब्द कसा लिहिला होता, हें वाचकास कळत नाहीं. पुढें १९१९-२० मध्यें ठाण्याचे विनायक लक्ष्मण भावे यांनीं दुसरा मार्ग धरला. तुकारामांचे टाळकरी संताजी तेली जगनाडे हे याच चाकण भागांतले. त्यांच्या हातची म्हणून वंशजांनीं जतन केलेली वही भाव्यांनीं आधारास घेतली, आणि तिच्यांतील अभंग तिच्याच लेखनपद्धतीस धरून छापले. ग्रंथास त्यांनीं ‘अस्सल गाथा’ हें नांव दिलें. त्या ‘अस्सल’ शब्दांत थोडा अतिरेक आहे असें माझें मत आहे. एका वहींत जें आहे तें जवळच्या माणसानें लिहिलें असेल. पण तींत जें नाहीं तें सारें बनावट, असा अर्थ त्यांतून निघूं नये. मात्र भाव्यांची मूळ भूमिका मला पूर्णपणें ग्राह्य वाटते. वही ही एक वस्तु आहे, आणि ती अखंड पुढें आली पाहिजे, हें त्यांनीं ओळखलें. जगनाडे घराण्यानेंहि वहीचीं पानें सुटीं करून वाटलीं नाहींत, म्हणूनच हें घडूं शकलें.

पोथी किंवा वही कांहीं अंशीं स्वतःचें रक्षण स्वतः करते. तिच्या शेवटीं पुष्पिका असते. लेखकाचें नांव, स्थळ, शक, तिथि तींत येतात. संस्कृत पोथ्यांचे लेखक तर ग्रंथाच्या तोंडूनच वाचकाची विनवणी करीत कीं, मला तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून सांभाळा. तेल आणि पाणी यांची भीति सर्वांना कळते. सैल बांधणीस त्याच पंक्तींत कां बसविलें याचा विचार फारसा होत नाहीं. दप्तरांतल्या कागदांस तर पुष्पिकाहि नसते. त्यांची पुष्पिका म्हणजे त्यांचा रुमाल.

हें एका तारखेवरून दाखवितों. आपल्या दप्तरी कागदांत शुहूर सन आरबी संख्याशब्दांनीं घालीत, हें येथील वाचकांस सांगावयास नकोच. ‘इहिदे सितैन अलफ’ म्हणजे १०६१. त्यांत ५९९ मिळविले म्हणजे इसवी सन १६६० चा मृगसाल येतो. शाइस्तेखानानें चाकणच्या संग्रामदुर्गास वेढा घातला आणि फिरंगोजी नरसाळ्यानें तो सुमारें दोन महिने लढविला, तें हेंच वर्ष. आतां याच शब्दांत ‘मया’ हा एक शब्द घाला. ‘इहिदे सितैन मया अलफ’ म्हणजे ११६१, म्हणजे इसवी सन १७६०-६१, पानिपतचें वर्ष. दोहोंत शंभर वर्षांचें अंतर, आणि तें सगळें एका दोनअक्षरी शब्दावर! समजा, चाकणाकडील एखादा हिशेबी कागद घडीवर फाटला आहे आणि ‘मया’ची जागा नेमकी त्या घडींत गेली आहे. मग काय करणार? कागदाच्या जातीवरून ठरवूं म्हणाल, तर जुन्नरी कागद दोन्ही शतकांत वापरांत. पाटील-कुळकर्ण्यांच्या नांवांवरून ठरवूं म्हणाल, तर आजोबांचें नांव नातवास ठेवण्याची आपली चाल. तेंच नांव पिढीआड परत येतें. अक्षराच्या वळणावरून तज्ज्ञ कांहीं अंदाज करील, पण तो अंदाजच. हा कागद आपल्या रुमालांत असता तर प्रश्न क्षणांत सुटला असता: त्याच हातची मागील सालची तेरीज, पुढील सालची पावती, त्याच रकमेची बाकी ओढलेली दुसरी यादी. सुटा कागद बाजारांत आला कीं तो चाकणच्या वेढ्याचा म्हणून विकला जातो. कारण १६६० ला जी किंमत येते ती एखाद्या अनामिक सालास येत नाहीं.

अशीच गोष्ट सनदांची. शिक्क्याची सनद ही संग्राहकांच्या दृष्टीनें मुकुटमणि. पण सनद खरी कीं खोटी हें शिक्का सांगत नाहीं; शिक्के खोदणारे हात सर्व काळीं होते. १८५२ च्या अकराव्या कायद्यानें इनाम कमिशनचें काम सुरू झालें आणि प्रत्येक इनामदारास आपला हक्क शाबीत करणें भाग पडलें. अशा वेळीं कागद जपण्याची जेवढी गरज होती, तेवढाच नसलेले कागद निर्माण करण्याचा मोहहि होता. मग खरी सनद ओळखावयाची कशी? तिची साक्ष गांवच्या हिशेबांत असते. गांवझाड्यांत व जमाबंदींत त्या इनामाची वजावाट वर्षानुवर्षें पडलेली असेल, तर सनदेस आधार मिळाला. सनद मोठी आणि हिशेबांत तिचा मागमूस नाहीं, तर संशयास जागा. म्हणजे ज्या नीरस, शिक्का नसलेल्या, आंकड्यांनीं भरलेल्या पानांस संग्राहक हात लावीत नाहीं, तींच पानें त्याच्या मुकुटमण्याचे जामीनदार आहेत. जामीनदार रद्दींत, आणि सनद कांचेच्या चौकटींत, अशी ही स्थिति आहे.

चिंचवडच्या देवांचें उदाहरण याच संदर्भांत अभ्यासण्यासारखें आहे. मोरया गोसाव्यांच्या वंशाकडे चाललेल्या या देवस्थानास निरनिराळ्या राजवटींत इनामें मिळालीं, आणि राज्यें बदललीं तरी तीं नव्यानें मान्य होत गेलीं. लॉरेन्स प्रेस्टन या अभ्यासकाचा या घराण्यावरील इंग्रजी ग्रंथ केंब्रिजहून १९८९ सालीं प्रसिद्ध झाला. घराणें आणि राज्यसत्ता यांचा संबंध हा त्याचा विषय. या ग्रंथाचा गुण असा कीं, त्यांत देवस्थानाकडे केवळ भक्तीचें केंद्र म्हणून पाहिलेलें नसून जमीन, उत्पन्न, वारसा व सरकारचा हात यांचा दीर्घ इतिहास उभा केलेला आहे. असा इतिहास एकट्या दोन-चार सनदांवर लिहितां येत नाहीं. त्यास पिढ्यान्‌पिढ्यांची कागदपत्रांची सांखळी लागते. ती सांखळी कोणी हौशी मनुष्य सुटी सुटी करून विकत बसला असता, तर आज आपल्या हातीं चार शोभेचे कागद आणि मोरया गोसाव्यांच्या आख्यायिका एवढेंच उरलें असतें.

आतां दुसरी बाजू. १९५० च्या कायद्यानें परगणा व कुळकर्णी वतनें रद्द झालीं, आणि १९६२ च्या कायद्यानें मुलकी पाटिलकीहि गेली. ज्या दप्तरावर घराण्याचा मान आणि पोट अवलंबून होतें, तें त्या दिवसापासून माळ्यावरचें ओझें झालें. त्याच सुमारास या भागाचें रूप पालटलें. १९५४ सालीं पिंपरीस पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला, १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, १९८२ सालीं महानगरपालिका झाली. पुढें चाकणची पाळी आली. जमिनी गेल्या तेव्हां सातबारा आणि फेरफार यांची विचारपूस झाली. त्यांच्या मागील मोडी कागद कोणीं विचारले नाहींत, आणि विचारले असते तरी घरांत ते वाचणारा राहिला नव्हता. वाडे पाडले, फडताळें रिकामीं झालीं, संदुका विकल्या. संदुकेस गिऱ्हाईक लवकर मिळालें. आंतल्या रुमालांचें फडकें तेवढें पुसण्यास ठेवून घेतलें गेलें!

अशा वेळीं जुन्या बाजारांतला व्यापारी कागद वेगळे काढतो, हा त्याचा उपकारच. त्याला मी दोष देत नाहीं. तो देखण्या कागदास दर जास्त सांगतो, कारण विकत घेणारा तसा दर देतो. तेव्हां पद्धत बदलावयाची ती घेणाऱ्यानें. १९७२ च्या पुरावस्तु कायद्यानें पंच्याहत्तर वर्षांहून जुने व ऐतिहासिक महत्त्वाचे कागद पुरावस्तूंत गणले, त्यांच्या निर्यातीस बंदी घातली, व्यापारास परवाना लावला. हें योग्यच झालें. पण त्या व्याख्येंत विचार एकेका वस्तूचा आहे. रुमाल फोडणें हा त्या दृष्टीनें गुन्हा होत नाहीं.

यावर कोणी म्हणेल, निवड तर थोरांनींहि केली. पेशवे दप्तरांतून गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ च्या दरम्यान पंचेचाळीस भाग निवडूनच काढले. खरें आहे, आणि विषयवार निवडीमुळें पुष्कळ पत्रें आपल्या शेजाऱ्यांपासून दूर झालीं, हा दोष त्या थोर कामांतहि आहे असें मी म्हणेन. परंतु तेथें दूर झाली ती छापील नक्कल. मूळ कागद पुण्याच्या सरकारी दप्तरखान्यांत रुमालांतच राहिले. घडणी, रोजकीर्द, प्रांत अजमास हे वर्ग आजहि तपासून पाहतां येतात. राजवाड्यांनीं १८९८ पासून जीं ‘साधनें’ छापलीं, त्यांतहि अमके कागद अमक्या घराण्याकडचे, हा उल्लेख ते करीत गेले. संग्राहकाची निवड या दोहोंहून निराळी आहे. तो मूळच वेगळा करतो, आणि कोठून वेगळा केला तें लिहून ठेवीत नाहीं. पुष्कळदां तर मुद्दाम लिहीत नाहीं, दुसऱ्या संग्राहकास ठिकाण कळूं नये म्हणून.

मुद्रांकांच्या षोकिनांविषयीं स्वतंत्र लिहावेंसें वाटतें, पण येथें दोनच वाक्यें. भोर, औंध, सांगली इत्यादि संस्थानांचे कोर्ट-फी मुद्रांक मिळविण्यासाठीं अख्खे दस्तऐवज कात्रीनें कापले जातात. खालच्या दाव्यांत वादी कोण, गांव कोणता, भांडण कशाचें, हें त्या कात्रीस ठाऊक नसतें.

ज्यांच्या घरीं अद्याप गाठोडीं बांधलेलीं आहेत त्यांना, आणि तीं विकत घेणाऱ्यांना, माझें सांगणें इतकेंच कीं, गांठ सोडण्यापूर्वीं बाहेरून एक छायाचित्र घ्यावें. फडक्यावर कांहीं लिहिलें असेल तर तें उतरून घ्यावें. कागद ज्या क्रमानें निघतील त्या क्रमानें मागच्या कोऱ्या कोपऱ्यांत शिसपेन्सिलीनें बारीक आंकडा घालावा, शाईनें नव्हे. घराण्याचें नांव उघड करणें अडचणीचें असेल तर गांवाचें नांव तरी नोंदवावें. सनद विकावयाची झाल्यास तिच्याबरोबर हिशेबाचीं पानेंहि द्यावींत, आणि घेणारानें तीं मागून घ्यावींत. त्या पानांस व्यापारी बहुधा वेगळा दर लावणार नाहीं.