पडद्यावरचे बोलणे

चित्रपटाचे परीक्षण करताना कथा, अभिनय, छायाचित्रण, संगीत यांचा हिशेब मांडण्याची आपली रीत आहे. पडद्यावरची माणसे कोणत्या भाषेत बोलतात, याकडे समीक्षक सहसा फिरकत नाहीत. एकाच भाषेच्या मुलखात राहणाऱ्याला तो प्रश्न पडतही नसेल. घरात मराठी, बाजारात कानडी आणि बँकेत हिंदी-इंग्रजी बोलणाऱ्या आपल्यासारख्यांचा कान मात्र आधी तिकडेच जातो. अलीकडे तीन मराठी चित्रपट पुन्हा पाहिले, ते याच कानाने.

नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'चे (२०१३) नाव ऐकून कितीजणांनी अर्थ विचारला होता! कैकाडीत फँड्री म्हणजे डुक्कर. जब्याच्या घरची थोरली माणसे आपसांत कैकाडीत बोलतात. ही भाषा द्रविड कुळातली, तमिळच्या जवळची. पण गावाच्या लेखी ती भाषाच नव्हे. शेवटी घरातला तोच शब्द टोळक्याच्या तोंडून शिवी होऊन अंगावर येतो. जब्याने दगड उचलला नसता तरच नवल.

'सैराट'ची (२०१६) चर्चा झाली ती गाण्यांची आणि अखेरच्या दृश्याची. मी थबकलो तो हैदराबादच्या भागात. मराठीत कळत नसेल तर इंग्रजीत सांगते, असा तोरा मिरवणारी पाटलांची आर्ची तिथे मुकी होते. पाण्याच्या बाटल्यांच्या कारखान्यात काम करता करता ती तेलुगू शिकते आणि हळूहळू तिचा पाय रुळतो. रिंकू राजगुरूने हा बदल नुसत्या चालण्या-बसण्यातूनही दाखवला आहे. तक्रार एवढीच, की हे शिकणे मंजुळे फार घाईने उरकतात. (कानडी 'मनसु मल्लिगे'तही (२०१७) नायिका रिंकूच होती, दोन्ही चित्रपट पाहिलेली घरे आपल्या भागात सापडतील.)

तिन्हींत सरस कोणता म्हणाल, तर चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (२०१४). गाण्यातून एका सफाई कामगाराला आत्महत्येस प्रवृत्त केले, असा आरोप शाहीर नारायण कांबळेवर आहे. शाहीर मराठीत गातो. बचावाचे वकील व्होरा गुजराती, मराठीत कच्चे. सरकारी वकील बाई इंग्रजी कलमे घडाघडा वाचतात. साक्षीदार मराठीत बोलतो, न्यायाधीश त्याचे इंग्रजी करून टंकलेखकाला सांगतात. मयत कामगाराची बायको साक्ष देते: गटारात उतरण्यापूर्वी नवरा खडा टाकायचा, झुरळे बाहेर आली तर आत हवा आहे असे समजायचे. बाजारहाटाचे सांगावे अशा सुरात ती हे सांगते. परक्या भाषेतल्या कागदावर त्यातले काय उतरत असेल? आपल्याच शेताचा उतारा शेजाऱ्याकडून वाचून घेणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. पुढे व्होरा तिला पैसे देऊ करतात, तेव्हा ती काही काम असेल तर सांगा म्हणते.

याच चित्रपटात सरकारी वकील बाई (गीतांजली कुलकर्णी) सुटीच्या दिवशी कुटुंबासह मराठी नाटकाला जातात. रंगमंचावर एका परप्रांतीय तरुणाला घराबाहेर हाकलले जाते आणि प्रेक्षक खूश होऊन टाळ्या पिटतात. ताम्हाणे टीकेचा एक शब्द उच्चारत नाहीत. कॅमेरा नुसता पाहत राहतो. आपली माणसे कधी टाळ्या पिटणाऱ्यांत असतात, कधी हाकलल्या जाणाऱ्यांत. त्या नाट्यगृहात आपली खुर्ची कोणती, हे दोनदा पाहूनही मला ठरवता आलेले नाही.