पडद्यावरचे चित्र आणि मुलाचा शब्द

अलीकडे शाळांतून ‘डिजिटल कथाकथन’ नावाचा एक उपक्रम रुजू लागला आहे. मुलाने स्वतःची लहानशी गोष्ट लिहावी, ती आपल्याच आवाजात मुद्रित करावी, तिला आठदहा स्थिर चित्रांची जोड द्यावी आणि दोनतीन मिनिटांची ती कृती वर्गापुढे पडद्यावर दाखवावी, असे त्याचे थोडक्यात स्वरूप. ही पद्धत १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्नियात जो लॅम्बर्ट, डेना ॲचली आदी मंडळींनी घडविली. आता घरोघरी फोन आल्यामुळे ती आमच्या कोल्हापूरकडील वर्गांतही येऊन पोचली आहे. तिचे भोक्ते तिला सर्जनशील लेखनाची गुरुकिल्ली म्हणतात. नाके मुरडणारे तिला नुसते खेळणे म्हणतात. मला ही दोन्ही मते घाईची वाटतात. या साधनाने मुलाला अधिक चांगले लिहिता येते काय, एवढ्याच प्रश्नावर त्याची परीक्षा व्हावी.

चित्र दाखवून गोष्ट सांगणे आपल्याला नवे नाही. घाट उतरून कुडाळजवळच्या पिंगुळीस गेले की ठाकर समाजाची चित्रकथी पाहावयास मिळते. कागदावरची चित्रे एकामागून एक समोर धरायची आणि वाद्यांच्या साथीवर रामायण-महाभारतातील आख्यान रंगवायचे, अशी ही कला. ती जतन करणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. चित्रकथीतले चित्र जागचे हलत नाही. युद्ध, विलाप, वनवास हे सारे जिवंत करावे लागते ते शब्दाला.

खुद्द कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९१८ साली स्वतः कॅमेरा तयार केला, १९२० मध्ये ‘सैरंध्री’ आणि १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’ पडद्यावर आणला. ते मूकपट. पात्राच्या तोंडचे बोलणे मधल्या पाट्यांवर लिहून दाखवावे लागे. पाटीवर मावेल तेवढेच, आणि चित्राने सांगितले नसेल तेवढेच लिहायचे, ही त्या लेखनाची शिस्त. डिजिटल कथेलाही मी हीच कसोटी लावीन. चित्र जे दाखवते तेच वाक्य पुन्हा सांगत असेल, तर दोहोंपैकी एक फुकट गेले.

या दृष्टीने ‘प्रथम बुक्स’ या संस्थेने २०१५ साली सुरू केलेले ‘स्टोरीवीव्हर’ पाहण्यासारखे आहे. मराठीसह अनेक भाषांतील सचित्र गोष्टी तेथे विनामूल्य वाचता येतात आणि संग्रहातील चित्रे निवडून नवी गोष्टही रचता येते. पुस्तक विकत घेणे ज्या घराला जड जाते, त्या घराला हा मोठाच आधार. वाचनासाठी त्याची शिफारस मी निःशंकपणे करीन. लेखनासाठी अशी तयार चित्रे वापरताना मात्र थोडे जपून असावे.

करवीर तालुक्यातील एका वर्गात मी जे पाहिले, त्यावरून हे म्हणतो. मुलगा गुऱ्हाळाच्या घरातला. त्याने तयार चित्रांतून एक हसरा शेतकरी निवडला आणि लिहिले, ‘एका गावात एक कष्टाळू शेतकरी राहत होता.’ पुढे शेतकरी कष्ट करतो, पाऊस पडतो, सारे सुखी होतात. चित्रात जेवढे होते, तेवढेच गोष्टीत उतरले. त्याच्या बाईंनी चित्र बाजूला ठेवायला लावले आणि घरच्या गुऱ्हाळाविषयी तोंडी बोलायला सांगून ते मुद्रित करून घेतले. मग काहील आली, चुलवाणात चिपाडे सारणारा चुलता आला, आणि काहील नेमकी कधी उतरवायची हे ठरविणारा गुळव्याही आला. त्याचा अंदाज हुकला तर अख्खे आदण बिघडते, म्हणून सगळे त्याच्या तोंडाकडे पाहत राहतात, असे मुलगा सहज बोलून गेला. ही गोष्ट! तिला साजेल असे काहिलीचे छायाचित्र त्याने मागाहून काढले. साधन तेच, मुलगा तोच. शब्द आधी आणि चित्र नंतर, एवढाच काय तो फरक.

आवाज मुद्रित करण्याचा आणखी एक लाभ आहे. लांबलचक वाक्य वाचताना दम लागला की ते मोडावे, हे मुलाला कोणी सांगावे लागत नाही. तीन मिनिटांची मर्यादा असली की निबंधातली अलंकारिक भरताडही आपोआप गळते. लाल शाईच्या खुणांनी जे साधत नाही, ते स्वतःचा आवाज ऐकून साधते.

धोका आहे तो सोयीचा. घरचा शब्द लिहिताना कळफलक दुसराच, पुस्तकी शब्द सुचवितो आणि मुले तो निमूटपणे स्वीकारतात, हे मी पाहिले आहे. शंकर पाटील आणि आनंद यादव यांनी याच मातीतली बोली साहित्यात मानाने आणून बसविली. त्या बोलीतला शब्द मुलाने यंत्राच्या एका सूचनेसरशी सोडून द्यावा, हे बरे नव्हे. आता तर दोन ओळी सांगताच अख्खी गोष्ट लिहून, चित्रे काढून देणारे यंत्रही हाती आले आहे. त्याची गोष्ट सफाईदार असेल. परंतु आपल्या चुलवाणापुढे कोण बसले होते, हे त्याला कोणी सांगितल्याखेरीज कळायचे नाही. ते सांगणारे मूल शाळेने घडवायचे आहे.

सध्या सुट्टी आहे आणि अंगणात किल्ले उभे राहिले आहेत. बाजारात तयार किल्लेही मिळतात. पण चिखलात हात घालून बांधलेल्या किल्ल्याविषयी मूल जेवढे बोलते, तेवढे त्या विकतच्या किल्ल्याविषयी बोलत नाही. म्हणून पालकांना एक सुचवावेसे वाटते. मुलाला आधी विचारा की बुरूज कुठे ढासळला, पहारेकरी मावळा तिथेच का उभा केला, रात्री मांजराने काय उत्पात केला. त्याचे बोलणे फोनवर टिपून घ्या, त्यालाच ते ऐकून लिहू द्या, आणि छायाचित्रे सर्वांत शेवटी काढा.